प्रोप्रायटर हेमांगी

...कडा सुटल्या होत्या, पण मधला भाग नखाला दाद देत नव्हता. केळ्यांवर लावतात तो रुपयाएवढा गोल पिवळा स्टिकर, मध्ये लाल अक्षरांत 'हेमांगी', खाली बारीक 'सावदा' — मृणालीनं कधीतरी खेळताना आरशाच्या कोपऱ्यात डकवलेला. पोरीला बापानं अख्खं भेंडोळंच दिलं होतं खेळायला, त्यामुळे घरात तो कुठंही निघायचा, माठावर, कपाटाच्या आत, सासऱ्यांच्या काठीवरसुद्धा. पदराची पिन दातांत धरून हेमांगी खरवडत राहिली. निघायला उशीर होत होता, बाहेर भूपेंद्रनं गाडी सुरू करून ठेवली होती, तरी हे एवढं निघाल्याशिवाय आरशात बघणं तिला जमेना. शेवटी लाल अक्षरं गेली आणि खाली गोंदाचा मळकट पांढरा डाग उरला. त्याच्या वर तिचा चेहरा होता, फिकट साडीतला — "साधी साडी ताई, आणि मंगळसूत्र दिसू द्या नीट," असं वकिलांनी सांगितलं होतं. कोर्टात जायलाही काय नेसायचं हे दुसऱ्यानंच ठरवलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पिन टोचून घेतली.

हेमांगी हे नाव या घरात कुणी घेत नाही. भूपेंद्र 'अगं' म्हणतो, सासरे 'पोरी', गल्लीतल्या बायका 'मृणालीची आई'. नाव गेलं ते पाटीवर. भूपेंद्रचा पहिला धंदा बुडाला, त्याचा सिबिल बिघडला, बँक कर्ज देईना, त्यात एकदा त्याच्यावर भेसळीची केस होऊन शिक्षा लागली — किरकोळ, पण लागली — आणि मग कुणीतरी सांगितलं की महिला उद्योजकांसाठी सरकारची नवी योजना आहे, बायकोच्या नावावर केळी पिकवायची फर्म काढ, बँक दारात येईल. ती खरंच आली. भूपेंद्रचं बोट कागदावर ज्या जागी टेकायचं त्या जागी हेमांगी सही करायची. बोट सरकलं की सही सरकायची. 'हेमांगी रायपनिंग अँड फ्रूट सप्लायर्स, प्रोप्रायटर सौ. हेमांगी भूपेंद्र भारंबे.' उद्‌घाटनाला तिच्या हाताचा कुंकवाचा पंजा शटरवर उमटवला, पेढे वाटले, सासरे म्हणाले घरच्या लक्ष्मीच्या नावाला बरकत असते. त्या रस्त्यावर सगळ्याच गोडाउनांवर बायकांची नावं आहेत — रत्ना, रूपा, कुंदन, भिकुबाई — आणि आत औषधाला बाई सापडायची नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ना, तसं. तेव्हा मात्र तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलायचं. पेढ्याचा पुडा घेऊन धुळ्याला आईकडे गेली तेव्हा तिनं मोबाइलवर पाटीचा फोटो बसस्टँडवर भेटलेल्या मैत्रिणीलाही दाखवला होता.

दारात सासरे, रुपचंदनाना, खुर्ची टाकून बसलेले होते. ते उठले नाहीत. "हे पाय पोरी," ते म्हणाले, "तुले कोनी जेलात नाही टाकत. बाईमानूस पाहून सोडून देतीन. घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ दे म्हंजे झालं." तिनं मान हलवली. ते प्रेमानं बोलत होते, आणि तिला त्याचाच राग आला. रागावलेल्या माणसाला उलट बोलता येतं, प्रेमानं सांगणाऱ्याला काय बोलणार?

फैजपूर मागे पडलं, आमोदा आलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपलेल्या. भूपेंद्र एका हातानं स्टिअरिंग धरून बोलत होता. "जज्ज मॅडम वाचून दाखवतील काय काय आहे ते. मग विचारतील, कबूल आहे का. तू म्हणायचं, हो. बस, एवढंच. एक शब्द." मग थोडं थांबून, "झोपेवकील बोलले मला. कोर्ट उठेपर्यंत बसवतील आणि दंड. संध्याकाळी आपण घरी. येताना भुसावळला काहीतरी खाऊ." ती खिडकीबाहेर बघत राहिली. कोर्ट उठेपर्यंत कैद — अशी शिक्षा असते हे तिला आत्ताआत्तापर्यंत माहीतच नव्हतं. न्यायाधीश उठून जाईपर्यंत बाकावर बसून राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि ते उठले की तुम्हीही उठायचं. हसू येईल अशी शिक्षा. पण मी दुसरं केलं काय लग्नापासून, कुणीतरी उठेपर्यंत बसले, कुणीतरी जेवेपर्यंत थांबले... फरक इतकाच की याची नोंद होईल. कागदावर येईल की हेमांगी भूपेंद्र भारंबे हिला शिक्षा झाली. आणि धुळ्याचा दरवाजा बंद होईल, कायमचा.

तापीच्या पुलावर फोन वाजला. आई होती. नर्मदाबाईंना आज कोर्ट आहे हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की धुळे जिल्हा परिषदेच्या निवड यादीत लेकीचं नाव आलं आहे, औषध निर्माण अधिकारी म्हणून, आणि चारित्र्य पडताळणी झाली की ऑर्डर निघेल. डी. फार्म. होऊन इतकी वर्षं झाली, मध्ये लग्न, मृणाली. परीक्षेचा अभ्यास तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक तांदळाच्या डब्याला टेकवून केला होता, आणि घरात सगळे म्हणायचे, करू द्या, वेळ जातो तिचा. निकाल लागला तेव्हा भूपेंद्र हसून म्हणाला होता, अगं तू स्वतः मालकीण, तुला नोकरी कशाला.

"हेमा, बठ्ठं बरं शे ना?" आई विचारत होती, सगळं बरं आहे ना. "आठे बठ्ठी गल्ली इचारी ऱ्हायनी, पोर कवय येस म्हनीसन. मी तुनी खोली झाडीसन ठेयेल शे."

"येईन आई, कधी ते कळवते," ती म्हणाली. "गाडीत आहे, नंतर बोलते."

भूपेंद्रनं विचारलं नाही कुणाचा फोन. त्याला माहीत होतं. पूल संपल्यावर तो हळूच म्हणाला, "पुढच्या भरतीत देता येईल गं परीक्षा." पुढच्या भरतीत... शिक्षा झालेल्या बाईला कुठली भरती, हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही. असं दोघांना ठाऊक असलेलं खोटं माणसं एकमेकांना देतात ते दयेपोटी, की दुसरं काही हाताशी नसतं म्हणून?

धाडीचे लोक आले तेव्हा नवरात्राची नवमी होती. ती कणीक मळत होती. गोडाउनवर आधी गेले होते ते, अन्न विभागाचे अधिकारी आणि दोन पंच. तिथं झुलाल होता, पंधरावीस वर्षांपासूनचा घरचा गडी. त्याला विचारलं मालक कोण, तर त्यानं काही न बोलता पाटीकडे बोट दाखवलं. बिचाऱ्यानं दुसरं काय करायचं, पाटीवर जे लिहिलंय ते लिहिलंय. मग ते घरी आले. भूपेंद्र रावेरला गेलेला. अधिकारी सभ्य होते, चपला बाहेर काढून बसले, पाणी मागितलं. म्हणाले, तुमच्या गोडाउनमध्ये केळीच्या क्रेटांत कार्बाइडच्या पुड्या मिळाल्यात. मग एकानं विचारलं, "मालक तुम्हीच ना?" — आणि ती कणकेचे हात पुसत म्हणाली, "हो." लगेच म्हणाली. किती पटकन म्हणाली ते आठवलं की अजून तिच्या अंगावर काटा येतो. कारण त्या 'हो'मध्ये भीती नव्हती. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, अभिमान होता. घरात येऊन कुणी सरळ तिला विचारलं होतं, मालक तुम्हीच ना. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी मालक म्हटलं ते गुन्ह्याचा कागद पुढं करून. आणि त्या कागदावर सही कुठं करायची ते दाखवायला भूपेंद्रचं बोट नव्हतं, तर त्या माणसानं पेनाच्या टोकानं दाखवलं. तिनं केली.

जळगावच्या कोर्टात पार्किंगला जागा नव्हती. भूपेंद्र तिला फाटकाशी उतरवून गाडी लावायला गेला. झोपेवकील व्हरांड्यातच भेटले, घामानं कॉलर भिजलेली, हातात लस्सीचा ग्लास. हसरा माणूस. त्यांना बोलायला आवडायचं.

"काळजी करू नका ताई. काळ बदललाय. आता सरकारचं धोरणच असं आहे, व्यापाऱ्याला उठसूट गुन्हेगार करायचं नाही. कितीतरी कलमांतून तुरुंग काढून टाकला. लेबल चुकलं, दंड भरा. वजनात फरक, दंड. रिटर्न उशिरा, दंड. अधिकाऱ्यासमोर भरायचा, मोकळं व्हायचं, कोर्टाचं तोंड बघायला नको. देश पुढं जायचा तर असंच पाहिजे."

"मग आमचं?"

"आपलं जरा..." त्यांनी ग्लास कठड्यावर ठेवला. "आपलं खाण्यात अपायकारक या सदरात येतं ना. तिथं तुरुंग ठेवलाय. कमी केलाय, पण ठेवलाय."

म्हणजे कुठंतरी, कुठल्यातरी गार खोलीत, माणसं बसून ठरवत असतील — हा लबाड दंडाचा, तो लबाड तुरुंगाचा. रेघ ओढत असतील. वजनात मारलं तर चूक, पोटात गेलं तर गुन्हा. चुकीचं आहे असं नाही... उलट बरोबरच आहे की, हेमांगीला वाटलं, मी तिथं असते तर मीही तीच रेघ ओढली असती. मग ती आपल्याच विचाराला दचकली. रेघ ओढताना त्यांनी एक गोष्ट मात्र विचारात घेतली नव्हती, की पाटीवर एक असतो आणि शटर दुसराच उघडतो. की त्यांना ते चांगलं ठाऊक होतं? पाटीवर बाईचं नाव लावा म्हणजे पैसे देतो, असं म्हणणारेही तेच, आणि पाटी वाचून समन्स पाठवणारेही तेच. दोन्ही वेळा त्यांनी तिला विचारलं नाही, फक्त नाव वाचलं.

भूपेंद्र अजून आला नव्हता. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

वकिलांचं हसू थोडं आखडलं. ते दोघांचे वकील होते, फी भूपेंद्र देत होता. "म्हणता येतं," ते म्हणाले. "हक्क आहे तुमचा. मग केस चालणार. मग आपल्याला दाखवावं लागणार की तुम्ही नुसत्या नावाच्या, धंदा भूपेंद्रभाऊ बघतात, तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते सुटण्यासारखं आहे. पण मग भाऊ आत येणार. आणि त्यांची ही दुसरी वेळ धरतील ताई. त्यांचं दंडावर भागायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे." त्यांनी उरलेली लस्सी संपवली. "तुम्ही ठरवा. पण भाऊंना मी हे बोललो असं सांगू नका."

कोर्टाच्या खोलीत पंखे गरगरत होते आणि वारा लागत नव्हता. ती मागच्या बाकावर बसली, भूपेंद्र तिच्या शेजारी. त्याला घाम आला की कानामागं पुरळ उठतं, तसं उठलं होतं. या माणसाचा तिला तिटकारा वाटायला हवा होता, तो वाटत नव्हता. बाळंतपणात रक्त कमी पडलं तेव्हा वरणगावपासून भुसावळपर्यंत सगळ्या मित्रांना उठवून त्यानं रक्त मिळवलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. बाजारात जसं सगळे करतात तसं करणारा होता. ऐन सणाला विजेचं रोहित्र जळालं, केळी पिकवायचं चेंबर बंद पडलं, आतला गॅस निघून गेला, आणि हिरवीगार केळी क्रेटांत पडून. व्यापारी फोनवर फोन करत होते, उपासाचे दिवस, उद्या माल पाहिजे. मग काय करायचं त्यानं? पुडी टाकायची. रातोरात पिवळं. बाहेरून पिवळं, आतून कच्चं...

पण मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू मी?

सगळे तिला दोनच उत्तरं देऊन बसले होते, हो किंवा नाही, मी केलं किंवा मला काही ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही खोटी होती. त्या रात्री भूपेंद्रचा शर्ट धुवायला घेतला तेव्हा त्याला वास येत होता. लसणासारखा. लसूण सोलून हात शर्टाला पुसल्यासारखा, पण त्या दिवसांत घरात लसूण शिजत नव्हता, नवरात्राचे उपास होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा वास तिनं घेतला होता. सरांनी सांगितलं होतं, शुद्ध नसलेल्या कार्बाइडला पाणी लागलं की असा वास सुटतो, त्यात काय काय मिसळलेलं असतं, पोटात गेलं तर काय होतं. तिला सगळं आठवलं होतं, न्हाणीघरात उभ्या उभ्या. आणि तिनं शर्ट बादलीत बुडवला, साबण जास्त घातला. ती काही बोलली नाही. बोलून काय होणार होतं? पण ती हेही जाणते की बोलून काय होणार, हे तिनं बोलून पाहिलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आईला कळलं तर आई म्हणेल. आई, पण संन्याशानं चोराचा शर्ट धुतला होता गं.

एकेक नाव पुकारलं जात होतं. लोक उठत होते, पुढं जाऊन हात जोडत होते, तारीख घेऊन परत येत होते. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, हेमांगीपेक्षा लहानच असतील. केस मागे घट्ट बांधलेले, बोटाला शाईचा डाग. हिनंही ओट्यावर पुस्तक टेकवून अभ्यास केला असेल का? की हिला कुणी टेबल दिलं होतं? असले विचार सुचताहेत म्हणजे मी घाबरलेली नाही, असं तिला क्षणभर वाटलं, आणि तेवढ्यात शिपायानं नाव घेतलं — पूर्ण नाव, सावकाश, पाटीवर आहे तसं.

भूपेंद्रनं तिच्या कोपराला स्पर्श केला. "एकच शब्द," तो म्हणाला.

ती पुढं गेली. कठड्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. मॅडमनी कागद पुढं ओढला आणि मराठीत, सोप्या शब्दांत वाचायला लागल्या, की तुम्ही या फर्मच्या मालक असताना, अमुक ठिकाणी, विक्रीची केळी पिकवण्यासाठी बंदी असलेला पदार्थ वापरला, त्यामुळे ती खाण्यास अपायकारक झाली. "समजलं तुम्हाला?"

"समजलं."

"कबूल आहे?"

तिनं तोंड उघडलं. 'हो' कुठं गेला कोण जाणे. सकाळपासून, गेल्या महिन्यापासून घोकलेला एक शब्द, आणि तो जिभेवर येईना. मागं भूपेंद्र खाकरला. झोपेवकील अर्धवट उठून म्हणाले, "मॅडम, त्या जरा घाबरल्यात —" मॅडमनी त्यांना हातानंच बसवलं.

"घाई नाही," त्या हेमांगीला म्हणाल्या. "वकिलांना विचारायचं असेल तर विचारून घ्या. पण उत्तर तुमचं पाहिजे."

उत्तर तुमचं पाहिजे. टाइप करणाऱ्यानं बोटं उचलून धरली होती. तिनं आपलं उत्तर शोधलं, खरोखर शोधलं, आणि जे हाताला लागत होतं ते दुसऱ्याचं निघत होतं, हा शब्द भूपेंद्रचा, ते वाक्य वकिलांचं, ती गप्प बसायची सवय नानांची. आणि मग, त्या सगळ्याच्या तळाशी, जे कुणी शिकवलं नव्हतं आणि जे कुणी विचारणारही नव्हतं ते आठवलं — अष्टमीची सकाळ, मृणाली गोडाउनच्या क्रेटातून आलेल्या पिवळ्याधमक केळ्यांकडे हात करून रडत होती, आणि तिनं ती फणी उचलून माळ्यावर टाकली होती. सर्दी होईल म्हणाली होती पोरीला. आपल्या पोरीला दिलं नाही. उरलेल्यांपैकी बरीच क्रेटं त्याच सकाळी टेम्पोतून दारावरून जाताना खिडकीतून बघितली, उपासाच्या बायकांच्या घरी जाणारी, त्यांच्या पोरांच्या हातात जाणारी, आणि खिडकी लावून घेतली.

हे सांगितलं तर भूपेंद्र जाईल. मीही जाईन, त्याच्याही आधी. धुळ्याची झाडून ठेवलेली खोली तशीच राहील. तिला हे सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही छातीतलं काहीतरी, जे नवरात्रापासून आवळून धरलेलं होतं, सैल पडायला लागलं होतं. आनंद नव्हता तो, पण त्याच्या इतक्या जवळचं काहीतरी होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज ओळखू येण्याइतका तिचा होता. मागं बाक सरकल्याचा आवाज झाला, भूपेंद्र उठून उभा राहिला असणार, तिच्याकडे बघत असणार, आणि तिनं वळून पाहिलं नाही. "मला एक मुलगी आहे."

खोलीत कुणाला काही कळलं नव्हतं. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, आणि ते तिच्या घरातल्या कुणालाच वाचवणारं नव्हतं.